डोळे आले त्या वर्षीची सोयरीक

आमच्या डोणगावात दोन बाया विहिरीवर गेल्या की एक घागर पाण्याची भरते आणि एक किस्स्यांची. पाण्याची संध्याकाळपर्यंत संपते. दुसरी मात्र वर्षानुवर्षं काठोकाठ! त्यातून डोळ्यांच्या साथीचं ते साल म्हणजे काय विचारता!

महाराष्ट्र होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती, माणूस चंद्रावर जाऊन आला होता, आणि उन्हाळ्याच्या शेवटी ही साथ मुंबईकडून निघाली ती जणू एस.टी.त बसून थेट आमच्याच गल्लीत उतरली. मेलं कोणी नाही, देवाची कृपा. लाल डोळे, पाण्याच्या धारा, सकाळी पापण्या चिकटलेल्या. आठवडाभरात माणूस बरा. पण तेवढ्या आठवड्यात माणसं जे काही वागली ना, ते आठवलं की आजही माझी जपमाळ हातात थांबते आणि मी एकटीच हसत बसते. महादेव माफ करो!

घरात आम्ही पाच जणं. मळ्यात भाजीपाला पिकवणारे आमचे मामंजी, सासूबाई (त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो), हे, मी, आणि माझी धाकटी नणंद कुसुम. घोर होता तो कुसुमचाच. तीन ठिकाणांहून नकार आलेला. रंगाला कोणी नाव ठेवलं नाही, स्वयंपाकाला नाही. तक्रार एकच: "पोरगी डोळे वर करून बोलते!"

तिसऱ्या पाहुण्यांनी विचारलं होतं, "शिवणकाम येते का?"

कुसुम म्हणाली, "येते." आणि मुलाकडे सरळ पाहून पुढं म्हणाली, "तुम्हाले काय काय येते?"

संपलं! पाहुणे चहा न घेता उठले. तेव्हापासून मी तिच्यासाठी सोळा सोमवार धरले होते. आता चौथी सोयरीक साखरखेर्ड्याची होती, आणि ते लोक मुलगी पाहायला यायचे होते. आत्याबाईंनी निक्षून सांगितलं होतं, "हे घर हातचं गेलं तं पुढं कोणी इचारणार नाही, पाह्य!"

आणि नेमकी तेव्हाच साथ आली.

* * *

साथ आली कशी, यावर गल्लीत रोज चर्चा. कोणी म्हणे हवेतून, कोणी म्हणे आंब्यांतून. आत्याबाईंचं मत ठाम होतं, "चंद्रावर माणसं गेली ना, तवापासूनच हे!"

"त्याचा काय संबंध, आई?" ह्यांनी विचारलं.

"काऊन नाही? आम्ही चतुर्थीले दिवसभर उपाशी राहून त्याले हात जोडतो, आणि हे बूट घालून गेले त्याच्या अंगावर! त्याले राग नाही येणार?"

ह्यांनी गुपचूप आपल्या वहाणा ओट्याखाली सरकवल्या. खरं सांगते, त्या चतुर्थीला मीही चंद्राला दोनदा हात जोडले!

* * *

लाल डोळ्यांत पाहिलं की आपलेही डोळे येतात, अशी सगळ्यांची पक्की समजूत. त्यावर उपाय म्हणजे गॉगल. पण गल्लीत गॉगल एकच, माझ्या वडिलांनी लग्नात ह्यांना दिलेला. मग काय! बाजाराला जायचं, गॉगल द्या. दवाखान्यात जायचं, गॉगल द्या. शेजारच्या सुभद्राकाकूंनी तर पापड लाटताना घालायला नेला!

एक दिवस सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. कोणाला आधी, कोणाला मग, असं घराघरात विचारत गेल्या, आणि आमच्या ओट्यावर येऊन कपाळाला हात लावून बसल्या. "अहो, पाहून नाही येत हे! हातानं येते, टॉवेलानं येते. हा गॉगल ज्या ज्या घरी गेला, साथ त्याच्या मागं मागं गेली!"

हे मोठ्या अभिमानानं म्हणाले, "पाह्य! माह्या सासऱ्यानं एकच वस्तू देल्ली, ती साऱ्या गल्लीले पुरली!"

नर्सबाई हात कसे धुवायचे, औषधाचा थेंब वरून कसा सोडायचा, ते सांगत होत्या. बाकी साऱ्या बाया भिंतीकडे तोंड करून उभ्या. समोरासमोर पाहून ऐकलं ते एकट्या कुसुमनं.

* * *

एकादशीचं भजन चुकवायचं नाही आणि एकमेकींकडे पाहायचंही नाही. मग आमच्या मंडळानं तोड काढली. गोल करून बसलो, पण तोंडं बाहेर आणि पाठीला पाठ! म्होरकीचे हात दिसेनात, म्हणून टाळ एकीकडे आणि चाल दुसरीकडे. अभंग आधी कोणाचा संपतो याची जणू शर्यत!

गावचा कोतवाल पारावरून चालला होता. थबकला. "काऊन वो बायाहो, भांडण झालं काय?"

आत्याबाईंनी मान न वळवताच सांगितलं, "नाही बाप्पा, डोळे आले. तूही तिकडं तोंड करून बोल!"

बिचारा झाडाकडे तोंड करून "राम राम" म्हणाला आणि गेला.

* * *

सुभद्राकाकूंचे यजमान काही कामानं लोणारला गेले होते. येताना सरोवराच्या पाण्याची बाटली घेऊन आले. "देवाचं पाणी हाय, डोळ्यात टाकलं की झटक्यात आराम!" सरोवराचं पाणी किती खारं असतं, हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक, ते काकाच कसे विसरले कोण जाणे.

एक थेंब टाकला आणि काकांनी अशी धूम ठोकली की विहीर ओलांडून मळ्यापर्यंत! गुडघेदुखीनं काका वर्षभर काठी टेकत चालायचे. काकू आमच्या आत्याबाईंना म्हणाल्या, "औषध गुणाचं हाय वो शांताबाई. डोळ्याले नाही लागलं, पण पायाले लागलं!"

* * *

याच काकूंच्या आणि आमच्या मधे कमरेएवढी भिंत. भिंतीवरून वाट्यांची देवाणघेवाण जन्माची. आणि आमच्या गावात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर साखरेची चिमूट, पण रिकामं नाही!

साथ आली तेव्हा काकूंची लोणच्याची वाटी आमच्याकडे होती, आणि डोळे काकूंचे आले होते. आत्याबाईंनी वाटी सांडशीनं उचलली, उकळत्या पाण्यात बुडवली, तिच्यात गूळ घातला आणि सांडशीनंच भिंतीवर ठेवली. पलीकडून काकूंची सांडशी आली आणि वाटी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी वाटी शेंगदाणे घेऊन भिंतीवर हजर. मग आमच्याकडून मेथी, तिकडून वड्या. काकूंचे डोळे बरे होईपर्यंत दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही, पण वाटी एकदाही रिकामी गेली नाही.

शेवटी भेटल्या तेव्हा पंचाईत. वाटी मुळात कोणाची, तेच दोघींना आठवेना!

* * *

वटपौर्णिमा आली. वडाला सूत गुंडाळणं सोपं, वड काही डोळ्यांत पाहत नाही. पण एकमेकींना कुंकू लावायचं कसं? हात लांब, मान मागं, नजर आभाळात. एकीच्या नाकावर कुंकू, एकीच्या कानावर. माझं तर थेट हनुवटीवर!

काकू आम्हा सगळ्यांचे अवतार पाहून म्हणाल्या, "साती जन्म हाच नवरा भेटू दे, खरं हाय. पण त्यानं आपल्याले ओळखलं तं पाह्यजे ना!"

मी हसत होते, पण मनात धाकधूक. येत्या सोमवारी साखरखेर्ड्याचे पाहुणे यायचे होते. महादेवाच्या देवळात मी हात जोडले, "देवा, तेवढं कुसुमला सांभाळ."

शेजारी उभी कुसुम खुसखुसली. "त्याले कायले सांगतं वहिनी? त्याले आले तं तीन येतीन!"

* * *

सोमवारी पहाटे कुसुम उठली तर डोळे उघडेनात. कोमट पाण्यानं पुसून उघडले, तर जास्वंदीसारखे लाल!

पाहुणे तर एस.टी.त बसलेले. आत्याबाई पाटावर मटकन बसल्या. मग एकाएकी त्यांचा चेहरा उजळला. "पोरीनं मान खालीच घालायची असते ना? मंग झालं! पोहे ठेव, पाया पड, खाली पाहून बोल. कोणाले काय कळते?"

"आत्याबाई, हे खोटं नाही का?" मी हळूच म्हटलं.

"खोटं काऊन? मान खरोखरचीच खाली हाय!"

पाहुणे आले. मुलगा भास्कर, त्याची आई आणि मामा. कुसुमनं पोहे ठेवले, पाया पडली, मान खाली घालून बसली. मी दाराआडून पाहत होते. जन्मात पहिल्यांदा पोरगी अशी बसली होती! मामांनी काही विचारलं की "हो", "जी", बस. मुलाच्या आईनं मामांना डोळ्यांनी खूण केली: पसंत!

मुलगाही गरीब गाय. त्यानं तर आल्यापासून जमिनीवरची नजर काढलीच नव्हती. मामंजी कौतुकानं माझ्या ह्यांच्या कानात म्हणाले, "किती लाजरं पोरगं हाय! असं आजकाल भेटते कुठं?"

सगळं गोड चाललं होतं. मी मनात नारळ कबूल करून टाकला.

एवढ्यात मुलाच्या ताटलीशेजारी, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, टप्पकन एक थेंब पडला. मग दुसरा. आमच्यात दुसऱ्या कोणाला दिसला नाही, कारण खाली पाहणारी एकटी कुसुमच होती.

तिनं मान वर केली.

"तुमचेही आले का?"

मुलानं मान वर केली. जास्वंदीची दोन फुलं इकडं, दोन तिकडं!

"काल रातीपासून," तो म्हणाला.

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. मुलाची आईही इकडंतिकडं पाहू लागली. "आता काय सांगू माय... म्हटलं, पोरगं मान खाली घालून बसन, कोणाले काय कळते!"

कुसुमचं कोणाकडे लक्षच नव्हतं. "औषध काय टाकता?"

"कोणी टाकूनच देत नाही. मायले टाक म्हटलं तं आधी मायच डोळे मिटते."

"थांबा."

उठली, साबणानं हात धुतले, फडताळातली गुलाबपाण्याची बाटली आणि स्वच्छ कापूस घेऊन आली, आणि सगळ्यांच्या देखत त्याच्यासमोर उभी राहिली. मुलगी पाहायला आलेल्या मुलासमोर!

"मान वर करा. अजून वर. आढ्याले पाहा, आढ्याले! माह्याकडे नाही!"

मामांना जो ठसका लागला, तो पाणी पिऊनही थांबेना. कुसुमनं वरून एकेक थेंब सोडला, बाटली त्याच्या हातात दिली. "दिवसातून तीन-चार खेपा टाका. हात धुऊन. आणि मायच्या भरवशावर राहू नका."

पाहुणे गेले. जाताना बरं बोलले नाहीत की वाईट बोलले नाहीत. आत्याबाईंनी पाहुण्यांच्या पाठीमागं दार लावलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "गेलं हेही घर! आता पाहुण्याच्या पोराले आढं दाखवणारी पोरगी कोण करते?"

कुसुमनं पोह्यांच्या ताटल्या उचलल्या. त्या रात्री जेवलीही नाही नीट. मी शेजारी बसले तेव्हा एवढंच म्हणाली, "वहिनी, त्याचे डोळे लय लाल होते वो."

* * *

पुढचा सोमवार आला. गुरवानं बेल दिला, मी पूजा केली, पण साखरखेर्ड्याकडून शब्द नाही. आत्याबाईंनी तर आशाच सोडली. मी मात्र मामंजींना म्हटलं, "महादेव भोळा आहे, पण विसराळू नाही."

त्यानंतर एका सकाळी मेहकरच्या बाजाराला वांगी न्यायची होती. मामंजी, मी आणि कुसुम टोपल्या घेऊन स्टँडवर उभे. साथ ओसरली होती, पण सवय गेली नव्हती; स्टँडवरची सारी माणसं एकमेकांना पाठ करून उभी. साखरखेर्ड्याकडची गाडी धुरळा उडवत आली. काळा चष्मा घातलेला कंडक्टर पायरीवर आला आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असा ओरडला,

"पाहुण्याच्या डोळ्यात गुलाबपाणी टाकणारी कोण हाय वो इथं?"

कितीतरी दिवसांत पहिल्यांदा आमच्या गावानं माना वळवल्या आणि एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं! मामंजी वांग्यांच्या टोपलीआड बसले. मी पदर कपाळावर ओढला.

कुसुम सरळ पुढं झाली. "मी हावो. काऊन?"

"साखरखेर्ड्याच्या भास्कररावाचा निरोप हाय. म्हणे, डोळे बरे झाले. घरच्याईनंही होकार देल्ला. आता ते इचारून राह्यले, बाटली गाडीनं पाठवू का लग्नातच घेऊन येऊ?"

गाडीतली सगळी डोकी खिडक्यांबाहेर. ड्रायव्हरनंही इंजिन बंद केलं. मामंजींचं मुंडासं टोपलीवरून हळूहळू वर आलं. माझ्या तोंडून नुसतं "महादेवा!" एवढंच निघालं.

कुसुमनं कंडक्टरच्या काळ्या चष्म्यात सरळ पाहिलं.

"लग्नातच आणा म्हणा. पण सांगून ठेवा त्याहिले, रिकामी आणू नका!"