बाईसाहेबांच्या ब्रेकवर पाय

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला "एवढं काय त्यात" म्हणायला नको. मला पालीची भीती वाटते, लिफ्टची वाटते, फोन अवेळी वाजला तरी छातीत धस्स होतं. आणि लग्न झालं ते अशा माणसाशी, ज्याला भीती कशाशी खातात तेच ठाऊक नाही. निदान मला तसं वाटत आलं होतं.

आमचे हे किल्लीवाले. बाजाराच्या मागच्या गल्लीत, दोन दुकानांच्या मधे बोळकांडीएवढी यांची जागा. भिंतभर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, समोर किल्ली घासायचं मशीन, कानशी आणि एकच स्टूल. गिऱ्हाईक त्यावर बसलं की यांनी उभं राहायचं. पण खरा धंदा दुकानाबाहेरचा. कोणी किल्ली घरात विसरून दार ओढून घेतं, कोणाची किल्ली कुलपातच मोडते, कोणाचे सासरे बाथरूममध्ये अडकतात. फोन आला की हे पिशवी उचलतात आणि निघतात. कुलपासमोर बसले की यांचं जग तेवढंच. कान दाराला, डोळे मिटलेले, बोटांत दोन बारीक तारा. मागे बायका रडोत नाहीतर पुरुष सल्ले देवोत, यांच्या कपाळावरची आठी हलत नाही. "कुलपाला घाई केलेली आवडत नाही," असं म्हणतात. घरातही तीच तऱ्हा. दूध उतू जायला लागलं तरी हे उठणार सावकाश, आणि मी मात्र तीन खोल्या ओलांडून धावत येणार.

एकदा एका डॉक्टरांच्या गाडीची किल्ली हरवली म्हणून यांना बोलावणं आलं. येताना भाजी आणा, असं मी बजावलं होतं. हे दार उघडायला गेले आणि गाडीच घेऊन आले. डॉक्टर त्या गाडीला इतके विटले होते, की जवळजवळ भंगाराच्या भावात त्यांनी ती यांच्या गळ्यात मारली. हे खिडकीतून हात बाहेर काढून मला हाक मारत होते, आणि चेहऱ्यावर असा आनंद, की लग्नाच्या फोटोतसुद्धा मी तो पाहिलेला नाही.

"भाजी?" मी विचारलं.

"अगं, बघ तरी हिच्याकडे!"

बघितलं. फिकट निळा रंग, एक दिवा पिवळा आणि एक पांढरा, मागचं दार दोरीनं बांधलेलं. मनात आलं तर चालायची, नाही आलं तर नाही, म्हणून यांनी तिचं नाव बाईसाहेब ठेवलं. मी तिला सवत म्हणायचे, पण ते मनातल्या मनात नव्हे, तिच्या तोंडावर.

बाईसाहेबांचे नखरे काय सांगू? खिडकीची काच आपोआप खाली सरकायची. वायपर फक्त माझ्या बाजूचा चालायचा, त्यामुळे पाऊस असला की पुढे काय आहे ते मी बघून सांगायचं आणि यांनी चालवायचं. पण खरी गोम गिअरमध्ये होती. तिसरा टाकला की दांडा उडून बाहेर यायचा. तो दाबून धरायला माणूस लागायचं, आणि ते माणूस मी. म्हणून यांच्या प्रत्येक कामाला मला जावं लागायचं. लोक म्हणायचे, काय जोडी आहे, नवरा-बायको सगळीकडे बरोबर! मला गाडी चालवता येत नाही, फक्त धरता येते, हे त्यांना कोण सांगणार?

हँडब्रेक होता, पण तो शोभेला. उभी असताना गिअरमध्ये ठेवावी, तर उतारावर भार आला की दांडा आपला बाहेर. पायाचा ब्रेकही एकदा दाबून भागायचं नाही. तो हळूहळू आत बसत जायचा, मग सोडून पुन्हा दाबायचा. गॅरेजवाला एकदा हात जोडून म्हणाला, "भाऊ, घाला आता हिला मोडीत."

"म्हातारी माणसं आपण मोडीत घालतो का?" यांनी विचारलं.

"म्हातारी माणसं उतारावरून लोकांच्या अंगावर जात नाहीत, भाऊ."

त्या रात्री मला झोप लागली नाही. हे घोरत होते.

तर यावर यांनी काढलेला उपाय म्हणजे पाचर. सुताराकडून एक लाकडी पाचर घेतली होती, दारांसाठी. खाली बसलेलं दार तिनं जरा उचललं की कुलूप मोकळं होतं. तीच पाचर गाडीलाही चालायची. चढावर थांबायचं झालं की हे ब्रेक दाबून बसायचे, मी पिशवीतून पाचर काढून उतरायची, मागच्या चाकामागे घट्ट सारायची आणि ओरडायची, "लागली!" त्याशिवाय यांनी पाय उचलायचा नाही, असा आमच्या घरचा कायदा. निघताना काढली की परत पिशवीत.

"दुसरी करून घ्या हो. एक गाडीत राहू दे," असं मी शंभरदा सांगितलं.

"एक आहे ना," हे म्हणायचे.

त्या दिवशी दुपारी फोन आला तो एका बाईचा. तिला धड बोलता येत नव्हतं. ती कपडे वाळत घालायला बाहेर आली, मागे तिच्या लहान पोरानं दार ढकललं, लॅच बसलं. पोर आत, आई बाहेर. आणि गॅसवर तेल तापत ठेवलेलं. शेजारी दाराला खांदे देत होते, पण दार जाडजूड, दाद देईना. आगीच्या बंबाला कळवलं होतं, तो शहराच्या दुसऱ्या टोकाहून निघाला होता.

"किल्लीवाले, लवकर या हो," एवढं मला फोनबाहेरही ऐकू आलं.

घर टेकडीवरच्या वसाहतीत होतं. तो चढ मला आधीपासून आवडत नाही. सरळ, लांब, एका बाजूला उघडं गटार, दुसऱ्या बाजूला दगडी भिंत, आणि पायथ्याशी बसचा थांबा. आम्ही थांब्यावरून पुढे गेलो तेव्हा तिथे पाच-सात माणसं उभी होती. एक बाई बाळाला कडेवर घेऊन, काही शाळेची पोरं, काठीवाले एक आजोबा. मी दोन्ही हातांनी दांडा धरला होता, तरी ती माणसं माझ्या डोळ्यांत राहिली. भित्र्या माणसाला नको ते दिसतं.

वळणाच्या थोडं अलीकडे बाईसाहेबांनी दोन आचके दिले आणि त्या थांबल्या. यांनी किल्ली फिरवली. नुसतीच खरखर. परत फिरवली. खरखरही नाही.

मी सवयीनं पाचर घ्यायला मागे हात घातला, तर यांनी तो धरला. "अगं, इकडे ये. पाय दे ब्रेकवर."

"मी?"

"तूच. वेळ नाही."

मी सरकले. माझा पाय यांच्या पायावर ठेवला, यांनी आपला खालून ओढून घेतला, आणि सगळा ब्रेक माझ्या तळव्याखाली आला. "बसला आत की सोडून पटकन दाब," एवढं सांगून यांनी मागची पिशवी खांद्यावर टाकली आणि हे पळत सुटले. मी यांना कधी पळताना पाहिलं नव्हतं. वळणाआड गेले आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाचर पिशवीत होती.

मी हाका मारल्या. मला वाटतं मी खूप मोठ्यानं ओरडले, पण तोंडातून काय निघालं देव जाणे.

आरशात रस्ता दिसत होता. सरळ खाली, आणि खाली ती माणसं. आरसा कडेला तडकलेला, त्यामुळे बाळ घेतलेली बाई दोनदा दिसत होती. माझ्या पायाखालचा ब्रेक हळूहळू आत चालला. अगदी सावकाश, गादीवर बसल्यासारखा. सोडून पटकन दाब, हे सांगून गेले होते. सोडायचा? सोडला की गाडी सुटणार. नाही सोडला तरी सुटणारच. मी डोळे मिटले, पाय उचलला आणि दाणकन आपटला. त्या मधल्या क्षणात बाईसाहेब वीतभर मागे गेल्या. वीतभरच. 

मग हेच चालू झालं. ब्रेक बसत जायचा, मी उचलून आपटायची, गाडी वीतभर मागे.

हॉर्न आठवला. दाबला. बाईसाहेबांचा हॉर्न म्हणजे सर्दी झालेली शेळी. खालच्या माणसांनी वर पाहिलं. मी खिडकीतून हात काढून जोरजोरात हलवला, "बाजूला व्हा, बाजूला व्हा" म्हणून. शाळेच्या पोरांनी आनंदानं हात हलवले. आजोबांनी काठी उंचावली. मला रडू फुटलं. एक स्कूटरवाला वर येताना दिसला, त्याला थांब म्हणून ओरडले, तर तो गाडीला छान वळसा घालून पुढे निघून गेला.

नंतर मला ज्यानं त्यानं शहाणपण शिकवलं. म्हणे स्टिअरिंग फिरवून भिंतीला टेकवायची होती. असेल. मला त्या वेळी स्टिअरिंग हे फक्त घट्ट धरायची वस्तू वाटत होती. दार उघडं होतं, उडी मारता आली असती, तेही मला सुचलं. खरं सांगते, दोनदा सुचलं. एकदा तर मोकळा पाय दाराबाहेर काढलाही होता. मग आरशात पाहिलं. ती बाई बाळाच्या डोक्यावर पदर धरत होती, ऊन लागू नये म्हणून. मी पाय आत घेतला.

पोटरीत गोळा आला. मांडी थरथरायला लागली, ती माझी नसल्यासारखी. हातांनी गुडघा दाबून धरला. यांना मी त्या वेळात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. ते लेकरू वाचू दे म्हणत होते, आणि त्याच श्वासात यांना शिव्या देत होते. यांना ते तेल दिसतं, ते कुलूप दिसतं, सगळ्या जगाची अडलेली दारं दिसतात, एक मी तेवढी दिसत नाही, असं मनात येत होतं. किती वेळ गेला, मला विचारू नका. अधूनमधून हॉर्न दाबत होते. बस आली नाही, बंबही आला नाही.

आणि मग मागे चाकापाशी लाकूड घासल्याचा आवाज झाला. दोन ठोके. मग भिंतीचे सुटलेले दगड कोणीतरी आणून टाकत होतं. एक, आणखी एक, आणखी.

"लागली," हे म्हणाले. आवाज ओळखू येईना.

मी पाय काढला नाही. काढायचा नव्हता असं नव्हे, निघत नव्हता.

हे माझ्या बाजूला आले. शर्ट घामानं चिकटलेला, हातांना माती. "अगं, लागली. दगडपण लावलेत. काढ पाय."

"पोर?" मी विचारलं.

"बरं आहे. तेलानं पेट घेतला होता, पडदा जळला. पोर पलंगाखाली जाऊन बसलं होतं. आईकडे आहे आता."

तेव्हा कुठे माझा श्वास सुटला, आणि त्याच्या मागोमाग राग. "पाचर घेऊन गेलात तुम्ही! तुमच्या लक्षातसुद्धा आलं नाही!"

हे रस्त्यावरच गुडघे टेकून बसले.

"आलं होतं," हे म्हणाले.

"कधी?"

"वळणावरच. पिशवी पाठीला लागली तेव्हा."

"मग?"

"वरून त्या बाईच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या." यांनी हातांची माती शर्टाला पुसली. "परत फिरलो असतो तर... मी नाही फिरलो. वर पळालो."

मला वाटलं होतं विसरले असतील. विसरणं मी माफ केलं असतं, यांच्या विसरण्याला मी लग्नापासून सरावले आहे. हे आठवूनही गेले होते.

"दार उघडलं आणि तसाच निघालो," हे पुढे म्हणाले, माझ्याकडे न बघता. "वळणापर्यंत आलो आणि पाय उचलेनात. पुढे बघायची हिंमतच होईना. गाडी जागेवर नसली तर... तिथेच भिंतीला टेकून उभा राहिलो. मग तो हॉर्न ऐकला."

म्हणजे मी ब्रेकवर थरथरत होते, तेव्हा हे वळणापलीकडे उभे होते, मला मदत करायला यायची भीती वाटून. एवढा राग यायला हवा होता, की पुढचं बोलणंच खुंटावं. पण यांचे हात बघितले. कुलपावर केसभर न हलणारे ते हात असे कापत होते, की यांनी ते गुडघ्यांत दाबून धरले होते.

"मला पाय काढता येत नाहीये," मी म्हटलं. "खरंच येत नाहीये हो. मला वाटतं, काढला की जाईल ती."

पाचर लागली आहे, दगड लागले आहेत, हे यांनी पुन्हा सांगितलं नाही. हे वाकले, माझ्या पायाशेजारून दोन्ही हात आत घातले आणि तळव्यांनी ब्रेक दाबून धरला, सगळा भार टाकून.

"मी धरलाय," हे म्हणाले. "आता काढ."

मी पाय काढला. उतरून भिंतीपाशी बसले. खाली बस आली, माणसं चढली, आजोबांना कोणीतरी हात देऊन वर घेतलं, बस निघून गेली आणि थांबा रिकामा झाला. हे मात्र अजून तसेच होते, गुडघ्यांवर, डोकं स्टिअरिंगखाली घालून, दोन्ही हातांनी ब्रेक दाबून.