बाराशेची मशीन आणि नामदेवकाकांची सुतळी

वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी रोज जमतात, लोखंडाचा बुरादा आणि किस्से. बुरादा भंगारवाला घेऊन जातो. किस्से तिथेच राहतात आणि चहाच्या टपरीवरून निघून पार मारेगावपर्यंत फिरून येतात. यवतमाळातल्या आमच्या गल्लीत सध्या जेवढे फिरतायत, ते सगळे एकाच मशीनचे आहेत, आणि ती मशीन निवडणारा शहाणा मी. लोकांनी सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. निदान तिखटमीठ तरी आपल्या हातात राहतं.

*

आम्ही कापसाच्या जिनिंगवाल्यांसाठी सुटे भाग बनवतो. बेअरिंगचे ठोकळे, पट्ट्या, असलंच काहीबाही. वर्कशॉप बाबांनी आणि नामदेवकाकांनी एका लेथवर सुरू केलं. काका फुलसावंगीकडच्या तांड्यावरचे, हाताला डोळे असलेले फिटर. मला लहानपणी खांद्यावर बसवून फिरवायचे, पण मी मालकाच्या खुर्चीवर बसल्या दिवसापासून 'गजू'चं 'गजूभाऊ' केलं.

लोखंड कापणारी, कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी मिलिंग मशीन घ्यायची ठरली तेव्हा बाबा गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे घरी पडून होते. मला एवढंच म्हणाले, "मले आता येणं होत नाही. नामदेव म्हणन तेवढीच घेजो."

काकांनी वर्षभर आधीपासून एक उद्योग चालवला होता. खिशात सुतळी ठेवायची. जो जॉब दारात येईल त्याची सगळ्यात लांब बाजू सुतळीनं मोजायची, गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, स्वतःशी काहीतरी पुटपुटायचं आणि तिथं गाठ मारायची. वर्ष संपल्यावर ती सुतळी त्यांनी माझ्यासमोर पसरली. सगळ्या गाठी एका हाताच्या आत दाटीवाटीनं बसलेल्या. फक्त एक गाठ लांब, अडीच हातावर, एकटीच. राळेगावच्या एका जिनिंगची साइड प्लेट. वर्षातून एकदा यायची, सीझनच्या तोंडावर.

"दीड हाताचं टेबल पुरते," काका म्हणाले. टेबल म्हणजे मशीनमधला जॉब बांधायचा लोखंडी पाट.

"आणि ही?" मी लांबच्या गाठीवर बोट ठेवलं.

"ते वर्षातून एकडाव येते, गजूभाऊ. पाहुण्याच्या मापानं कोणी घर बांधते का?"

मी मान हलवली. पण बघत होतो ती एकच गाठ.

*

मशीन बघायला आम्ही दोघं नागपूरच्या प्रदर्शनात गेलो. खरं कारण सांगतो, कारण आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. माझ्या साडूनं वणीला आठशेची मशीन घेतली होती. आठशे म्हणजे टेबलाची लांबी, मिलिमीटरमध्ये. सासरच्या प्रत्येक लग्नात तो आकडा मला वाढपात मिळायचा.

सेल्सवाल्या इंजिनिअरनं विचारलं, "सर, रोजचा जॉब केवढा असतो?"

मी दोन्ही हात पसरले. त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे.

"सर, तुम्ही जे पार्ट सांगताय त्यांना सहाशेची पुरेल. बाराशेची तुम्हाला जड जाईल."

विकणारा लहान घ्या म्हणतोय आणि घेणारा ऐकत नाहीये, असं त्या मंडपात बहुतेक पहिल्यांदाच घडत असावं. सहाशे म्हणजे जवळपास दीड हातच. काकांना वाटलं, आपल्या बाजूचा माणूस भेटला. त्यांनी लगबगीनं खिशातून सुतळी काढली. मी चारचौघांत म्हणालो, "काका, ठेवा ते खिशात. इथं बैल बांधायचा नाहीये."

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. काकांनी सुतळी बोटांभोवती नीट गुंडाळली आणि परत ठेवली. परतीच्या एसटीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली, नेहमीसारखीच. त्या जागेवर बसून मी बाराशेचा विचार करत आलो, याची मला आजही लाज वाटते.

घरी बाबांनी विचारलं, "नामदेवनं सांगतली तेवढीच घेऊन राह्यला ना?"

"हो," मी म्हणालो.

*

मशीन आली तेव्हा अख्खी गल्ली बाहेर. क्रेनवाल्यानं ती आत सरकवली आणि थांबला. मी लांबी बघितली होती, रुंदी बघितली होती. उंची बघायची राहिली होती. मशीनचं डोकं छताच्या कैचीला लागत होतं.

शेवटी तेवढेच पत्रे उघडून वर वेगळं छप्पर काढावं लागलं. लांबून बघितलं की वर्कशॉपनं टोपी घातल्यासारखं दिसतं. एक फायदा झाला, पत्ता सांगणं सोपं झालं. आता कुरिअरवालासुद्धा विचारतो, "टोपीवाले तुम्हीच का?"

शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्या काकू मात्र खुश नव्हत्या. "तुही मशीन सुरू झाली का लाइन कमी होते न माही चक्की झोपते," त्या म्हणायच्या. "काय बनवतं रे एवढ्या मोठ्या मशीनवर?"

मी त्यांना आत नेऊन दाखवलं. भल्यामोठ्या टेबलाच्या मधोमध मुठीएवढा एक ठोकळा बांधलेला होता. काकूंनी बराच वेळ बघितलं.

"बाकीचं यायचं आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

*

मशीन चालवते सुनीता. मारेगावची, आयटीआय झालेली, कामात पक्की. पण मशीनच्या दारातून टेबलाच्या मध्यापर्यंत तिचा हात पोचत नाही. माझाही नाही. म्हणून प्रत्येक ठोकळ्याला ती मशीन बंद करते, चपला बाहेर काढते आणि आत चढते. ठोकळा बांधते, उतरते, दार लावते. दिवसातून कितीदा, ते विचारायची माझी हिंमत नाही.

एकदा एक गिऱ्हाईक आलं. मशीनसमोर चपला, माणूस नाही.

"कोणी आहे का?"

"आहो, आतमंधी आहो," मशीनमधून आवाज आला. "थांबा, बाहेर येतो."

गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरकलं आणि त्यानंही आपल्या चपला काढल्या.

हा किस्सा टपरीवर सगळ्यात जास्त चालतो. मीही हसतो. मग संध्याकाळी सुनीता गुडघे चोळत घरी निघाली की मला दुसरीकडे बघावं लागतं.

*

एवढं सगळं ज्या एका गाठीसाठी केलं, ती राळेगावची प्लेट. सीझन जवळ आला तसा मी रोज रस्त्याकडे डोळे लावून बसलो. प्लेट काही येईना. शेवटी मीच फोन केला.

"अरे, सांगायचंच राह्यलं तुले," जिनिंगवाले म्हणाले. "आम्ही मशिनरीच बदलवली. नवीवाल्याले ते प्लेटच नाही."

फोन ठेवला तेव्हा काका समोरच उभे होते. फोनमधला आवाज त्यांनाही ऐकू गेला होता. त्यांनी खिशातून सुतळी काढली, अडीच हातावरची गाठ नखानं हळूहळू सोडवली आणि कानस घेऊन कामाला लागले. बोलले असते तर बरं झालं असतं.

*

बाबा काठी टेकत वर्कशॉपवर आले, ते त्यानंतर महिन्याभरानं. आधी त्यांनी टोपी पाहिली. मग आत येऊन मशीनभोवती एक चक्कर मारली. सुनीता आत चढून ठोकळा बांधत होती. बाबांनी तिच्या चपला पाहिल्या, ठोकळा पाहिला.

"एवढी मोठी कोणाच्या डोक्यानं घेतली?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण काकांचा आवाज आधी आला.

"माह्याच, दादा. म्याच सांगतलं गजूले, मोठी घे म्हणून. चुकलं माह्यं."

किती वर्षांनी त्यांच्या तोंडून नुसतं 'गजू' ऐकलं.

"तू चुकला?" बाबा म्हणाले. "मापात?"

"वय झालं न आता."

तेव्हाही मला बोलता आलं असतं. काका खाली बघत होते, सुनीता पाना हातात धरून थांबली होती, आणि मी मशीनच्या काचेवरचा डाग बोटानं पुसत होतो.

बाबांनी हात पुढं केला. "सुतळी दाखव."

"घरी राह्यली, दादा."

सुतळीचं टोक खिशाबाहेर लोंबत होतं. बाबांनीच ते धरून ओढलं. मग एकेका गाठीवरून अंगठा फिरवत ते शेवटपर्यंत गेले. सगळ्या गाठी एका हातात संपल्या. पुढं नुसती सुतळी.

त्यांनी ती बोटांभोवती गुंडाळली, काकांसारखीच. काकांना मात्र परत दिली नाही. माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली, वरून दोनदा थोपटलं आणि दाराकडे वळले.

"चाल नामदेव," म्हणाले, "च्या पिऊ."