डॉक्टरीणबाईचा कडू घास

पेशंट दगावला की शिकाऊ डॉक्टरांसाठी माझा एकच उपाय ठरलेला होता: पुढचा पेशंट. "चला, बाहेर रांग लागलीय," म्हणून मी त्यांना पिटाळायचो. वसमतकडच्या त्या सरकारी दवाखान्यात मी बरीच वर्षं काढली. हा उपाय मला स्वतःला लागू पडलाय, असा माझा पक्का समज होता.

एकदा सिद्धेश्वर धरणाकडून एका मेंढपाळाच्या बायकोला आणलं. साप चावलेला, त्यात उशीर झालेला. तिचा श्वास चालेना. आमच्याकडची शिकाऊ डॉक्टरीण दोन तास हाताने फुगा दाबून तिला श्वास देत राहिली. दुपारी बाई गेली. मी माझा उपाय केला आणि पोरीने निमूटपणे संध्याकाळपर्यंत पेशंट तपासले.

दुसऱ्या दिवशी ती बॅग भरून समोर उभी. "सर, मला हे जमणार नाही. मी डॉक्टरकी सोडतेय."

कालपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. मी म्हणालो, "अर्ज लिहून द्या." मला राग आला होता, तिचा कमी आणि माझ्या उपायाचा जास्त.

तेवढ्यात आमच्या वॉर्डातल्या मावशी डबा घेऊन आल्या. भाकरी आणि पिठलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे, सोयरे जेवण नेतात, त्याला कडू घास म्हणतात. मावशींनी तो डबा पोरीपुढे ठेवला.

"मावशी, हा त्या बाईच्या घरी न्यायचा असतो," मी म्हणालो.

"तिकडं सोयरे हायेत की. ह्या लेकराला कोन देनार? दोन तास तिचा जीव हातात धरून बसलं व्हतं. ह्याचं कोनी गेलं न्हाई व्हय?"

पहिल्या घासालाच पोरगी हमसून रडली. मी काहीतरी बोलायला गेलो, तर मावशींनी अर्धी भाकरी माझ्या हातात दिली. "बसा सायेब. तुमाला तर कवाच कोनी दिला न्हाई."

घास तोंडात फिरत राहिला. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून गेलेलं पाच वर्षांचं पोरगं आठवलं. त्याच्याबद्दल मी कधी कोणाजवळ बोललो नव्हतो. त्या दोघींना सांगितलं आणि सांगता सांगता मलाच रडू फुटलं. मला फार लाज वाटली.

पोरीने डोळे पुसले, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि विचारलं, "सर, त्याचं नाव काय होतं?"

ही पोरगी डॉक्टरकी सोडणार नाही, हे मला तेव्हाच कळलं.