लाईन गेल्यानंतरचं कडवं

एका सकाळी आईच्या फोनवरून पाटीचा फोटो आला. पाटीवर बाबांचं ठसठशीत अक्षर होतं: 'माहा आवाज मले एकदा चांगल्या स्पीकरवर आयकाचा हाय. येतानी पाहजो.' आईला वाचता येत नाही, पण फोटो काढून पाठवता येतो. मी एका वर्षाच्या शिक्षणासाठी इंग्लंडातल्या एका थंड शहरात राहत होते, तेवढं वर्ष आमच्या घरचा पत्रव्यवहार असाच चालला.

बाबा तीस वर्षं गायले. दिवसा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायच्या आणि कार्यक्रम असला की दारव्हा, आर्णी, पार पांढरकवड्यापर्यंत जीपच्या टपावर ढोलकी बांधून जायचं. मी परदेशी जाण्याआधी दोन वर्षं नागपूरला घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र कापून काढलं होतं. गळ्याला पुढून एक भोक, त्यावर पांढऱ्या कापडाचा तुकडा, आणि बोलायला माझी शाळेतली पाटी. मी तिकडे गेल्यावर आजार छातीत उतरला. डॉक्टरांनी आईला सांगितलं, आता घरीच ठेवा. माझं शिक्षण सप्टेंबरला संपणार होतं, माझ्याजवळ तोवरचा वेळ होता. बाबांजवळ तेवढा होता की नाही, ते कोणी सांगत नव्हतं.

त्यांच्या आवाजाचं एकच रेकॉर्डिंग उरलं होतं. मी बारावीत असताना विहारापुढच्या जयंतीच्या कार्यक्रमात फोन हार्मोनियमला टेकवून ठेवला होता, ते. चाळीस मिनिटं. बाकीचं सगळं फुटलेल्या फोनांबरोबर गेलं.

स्कॉलरशिपमध्ये परवडेल असं एकच दुकान होतं. लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तू तिथे तपासून विकायला ठेवत. विजेच्या वस्तूंच्या कोपऱ्यात एक म्हातारा बसायचा, कानात श्रवणयंत्र घातलेला. मी गेल्या गेल्या स्पीकरच्या काळ्या चकचकीत जोडीसमोर उभी राहिले.

"काय ऐकणार आहात?" त्यानं विचारलं.

"एका माणसाचं गाणं."

"मग हे नकोत. हे नाचणाऱ्यांसाठी आहेत. खालची धडधड एवढी, की माणूस तिच्याखाली चेंगरतो."

मी म्हटलं, मला इथे थोडेच महिने राहायचंय, स्पीकर विमानातून न्यायचेत, वजनाचं बघावं लागेल. तो म्हणाला, वजन नंतर बघू. तुम्हाला तोंडपाठ असलेलं रेकॉर्डिंग घेऊन या. पाठ नसलेल्या गाण्यावर स्पीकर निवडायचा म्हणजे न बघता नवरा करायचा. मी हसले. मला तो आवडला होता.

पुढच्या शनिवारी पेनड्राइव्ह घेऊन गेले. त्यानं तीन जोड्या मांडून त्यांच्यावर चादर टाकली होती. डोळ्यांनी निवडू नये म्हणून. गाणं सुरू झालं. तिन्हींवर तेच: आमच्या निंबावरच्या भोंग्याचा कर्कश आवाज आणि त्यातून फाटत येणारे बाबा. मी आधीच सांगून टाकलं, "माईक खराब होता आमचा."

या माईकबद्दल इथेच सांगते.

आमच्या घरात देवघर नव्हतं, ट्रंक होती. तिच्यात पत्रकं आणि चार-आठ पानांच्या पुस्तिका. बाबा जिथे गायला जात तिथल्या स्टॉलवरून आणत. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली आणि आईला रोज वाचून दाखवत आले. बाबांचा नियम कडक होता. लिहिलं असेल तसं वाचायचं. मनाचं घालायचं नाही, नको ते गाळायचं नाही. मी 'व' गाळला तरी ते हार्मोनियमवरून मान वर करत.

बारावीच्या वर्षी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. मथळा होता, 'आपल्याच वाट्याला फाटका आवाज का?' गावाच्या वरच्या बाजूच्या देवळातला भोंगा काचेसारखा स्वच्छ वाजायचा आणि आमच्या विहारात बाबा गायला लागले की खरखर यायची. बाबांच्या गाण्याच्या मंडळीतल्या कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: माईक गेला. मी त्याचा मुद्दा केला. पाण्याची टाकी तिकडे आधी, रस्ता तिकडे आधी, आणि आवाजही तिकडचाच स्वच्छ. जयंतीच्या आधीच दारव्ह्याच्या बाजारात मी हातानं पत्रकं वाटली, लोकांनी माना डोलावल्या, नव्या माईकसाठी वर्गणी दिली. ते पत्रक खोटं नव्हतं. पाण्याची टाकी आजही तिकडेच आहे. पण मोडकं ते आपल्या वाट्याला, हे आमच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की बिघाड वस्तूतच असणार, हे आम्ही धरून चाललो. माणूस बिघडला असेल हे कोणाच्या मनात आलं नाही.

बाबांच्या खिशात खर्ऱ्याची पुडी असायची. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या कागदात घोटलेला. जिनिंगमध्ये सगळेच खात. मी सावकारीवर लिहिलं, हुंड्यावर लिहिलं, दारूच्या दुकानावर लिहिलं. खर्ऱ्यावर एक ओळ लिहिली नाही.

तर दुकानात गाणं चालू होतं. दुसऱ्या गाण्याचं दुसरं कडवं लागलं आणि आवाज खटकन तुटला. आमच्याकडे वीज जात नाही, लाईन जाते. त्या दिवशीही भर कार्यक्रमात लाईन गेली होती. माईक मेला, भोंगा मेला. माझा फोन बॅटरीवर असल्यानं रेकॉर्डिंग तेवढं चालू राहिलं.

"इथून पुढे न्या," मी म्हटलं. "चार मिनिटं काही नाही." मी कायम ते पुढेच ढकलत आले होते.

म्हाताऱ्यानं रिमोट माझ्यापासून लांब धरला. "आरडाओरडा सगळे स्पीकर सारखाच करतात. हळू आवाज कोण कसा वाजवतो ते पाहायचं असतं."

पहिल्या जोडीवर चिखल कालवल्यासारखं वाजलं. दुसरीवर नुसती सळसळ. तिसरी लावली तेव्हा आमच्या विहारासमोरची जागा दुकानात आली. ढोलकीवरचं बोट, कोणाच्या बांगड्या, कुठेतरी रडणारं लेकरू. आणि सगळ्यांत जवळ, फोनच्या अगदी पुढ्यात, मी. सतरा वर्षांची. ताडताड बोलत होते: "दरवर्षी जयंतीलेच आपली लाईन कशी काय जाते? अर्ज लिहा, मी घेऊन जातो हापिसात!" लोक टाळ्या वाजवत होते.

माझ्या त्या बोलण्याच्या मागे बाबा गात होते. माईक नाही, भोंगा नाही, ते थांबलेच नव्हते. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ती खरखर होती. तीच.

मग आईचा आवाज आला, हळू, बाजूनं. "पाणी प्या जी. गळा असा काहून वाजून राह्यला तुमचा?"

आणि मग परत माझा. "आई, गळ्याले काई नाही झालं वो. माईक खराब हाय. तू चूप बस न जराशी."

म्हाताऱ्यानं आवाज कमी केला. त्याला एक शब्द कळत नव्हता. तरी त्यानं विचारलं, "हे गाणारे गृहस्थ बरे आहेत ना?"

"माईक खराब होता, म्हटलं ना."

"आता माईक कुठे आहे?" तो म्हणाला.

मी भडकले. तुम्हाला आमची भाषा कळत नाही, आमची माणसं कळत नाहीत, तुम्ही स्पीकर विका, असं काहीतरी बोलले आणि पेनड्राइव्ह तिथेच सोडून बाहेर पडले. बसस्टॉपवर बसून राहिले. एकामागून एक बस आल्या, गेल्या.

त्या जयंतीनंतर आम्ही नवा माईक आणला होता. खरखर जास्तच स्पष्ट ऐकू यायला लागली, तेव्हा आम्ही भोंग्याला दोष दिला आणि पुढच्या वर्षी भोंगा बदलला. त्यानंतर थुंकीत रक्त आलं. नागपूरच्या डॉक्टरनं विचारलं, "इतके दिवस काय करत होतात?" मी म्हणाले होते, आमच्या लक्षात नाही आलं. आईच्या लक्षात आलं होतं. ती तिथेच माझ्या शेजारी उभी होती.

पुढच्या शनिवारी मी परत गेले. म्हाताऱ्यानं पेनड्राइव्ह कागदाच्या पाकिटात घालून ठेवला होता. मी तिसरी जोडी मागितली. जुनी, लाकडी, पुढे तपकिरी कापड, एका कोपऱ्याला टवका उडालेला. तिला वेगळा अॅम्प्लिफायर लागत होता, त्याच्याजवळ एक छोटा निघाला. तिन्हींत तीच स्वस्त होती, कारण जुनी आणि जड, कोणी उचलत नव्हतं. त्यानं दोन्ही स्पीकर एका घोंगडीत गुंडाळून दिले आणि सांगितलं, "कानाच्या उंचीवर ठेवा. खाली जमिनीवर नको."

वजनात बसावं म्हणून मी वर्षभराची पुस्तकं तिथेच खोक्यात सोडली. वीज तिकडची आणि इकडची सारखीच, फक्त पिन वेगळी. ती दारव्ह्यात दहा मिनिटांत बदलून मिळणार होती.

आणि निघण्याआधी मी लॅपटॉपवर ती चार मिनिटं कापली. लाईन जाते तिथपासून लाईन येते तिथपर्यंत. सांधा इतका बेमालूम बसला की मलाच अभिमान वाटला. मी स्वतःला सांगितलं, त्यांना आनंद व्हावा म्हणून करतेय. त्यांच्या ट्रंकेवर वाढलेल्या मी कधी काही गाळलं नव्हतं. गाळलं तर हे.

घरी पोचले तेव्हा सोयाबीन निघत होतं. थ्रेशरची धूळ घरात येत होती. बाबा खाटेवर होते. हाडं आणि डोळे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग घोंगडीकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोन डब्यांवर स्पीकर मांडले, त्यांच्या कानाच्या उंचीवर. आई बाजूला सुपात तुरीची डाळ निवडत बसली.

गाणं लागलं. बाबांनी डोळे मिटले. खाटेच्या माचव्यावर बोटं ठेका धरू लागली. पहिलं गाणं झालं. दुसऱ्याचं पहिलं कडवं झालं. मी केलेला सांधा आला आणि गेला. बोटं थांबली. डोळे उघडले. त्यांनी दोन बोटं वर केली, मग पाटी ओढली.

'दुसरं कडवं?'

"रेकॉर्डिंग खराब झालं बाबा थ्या जागी."

त्यांनी मान हलवली. लिहिलं: 'लाईन गेलती तवाचं. लाव.'

माझ्या फोनमध्ये मूळचं होतं. मी लावलं. ढोलकीवरचं बोट, बांगड्या, लेकरू. माझा अर्ज. त्यांचं गाणं. आईचा आवाज आला तसा सुपातला हात थांबला. 'तू चूप बस न जराशी' हे मी या वेळी माझ्या घरात, माझ्या आईसमोर ऐकलं. आई सुपाकडेच पाहत होती. बाबांचे डोळे उघडे होते आणि ते ऐकत नव्हते, तपासत होते, जसे दुसऱ्या गायकाचं तपासायचे.

मी थांबवलं. "बाबा, तुमाले तवाच समजलं होतं?"

त्यांनी मान खाली-वर केली.

"मंग काहून नाही सांगतलं?"

त्यांना लिहायला फार वेळ लागला. मध्ये दोनदा पेन्सिल ठेवून त्यांनी श्वास घेतला, गळ्यावरचं कापड आत-बाहेर होत होतं. मग पाटी माझ्याकडे फिरवली. मी मनातल्या मनात वाचलं.

"काय लिवलं?" आईनं विचारलं.

बाबा माझ्याकडे पाहत होते, तसेच, हार्मोनियमवरून मान वर केल्यासारखे. मी लिहिलं होतं तसं वाचलं.

"'तुहं पत्रक वाटून झालं होतं. लोकायनं वर्गणी देल्ली होती. मंग कसं सांगू?'"

आई त्यांच्याकडे वळली. "अन् मी सांगत होती थे?"

बाबांनी पाटी उचलली नाही. थ्रेशर बाहेर चालूच होता. आईनं सूप जवळ ओढलं, एक खडा काढून दाराबाहेर फेकला.

"वाजव पुढचं," ती मला म्हणाली. "चार वाजता लाईन जाते."