मोरितासानच्या तीन फाइट

आमच्या जिममध्ये किस्से आणि टॉवेल सारखेच साठतात. आज सगळे धुऊन घड्या घालून ठेवावेत, तर उद्या संध्याकाळी टोपली परत भरलेली. मी दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका बॉक्सिंग जिमचा फिजिओथेरपिस्ट, मूळचा नाशिकचा. कोणाकडेही जेवायला गेलो की "तुमच्या त्या जपानी माणसाचं सांगा ना" अशी फर्माईश होते. बायको म्हणते, "दर वेळी सांगताना तू दोन ठोसे वाढवतोस." म्हणून आज एकदाचं जसं घडलं तसं सांगून टाकतो.

*

मोरितासान आला तो दिवस. (सान म्हणजे आपलं 'राव'.) प्रोफेशनल बॉक्सर, वय अडतीस. दारातून आत शिरला आणि आधी रिंगलाच कमरेतून वाकून नमस्कार केला. मग कोचला, मग मला. आमचा परब तिथेच फरशी पुसत होता. परब सावंतवाडीकडचा, जिमची साफसफाई आणि सामान त्याच्याकडे. मोरितासान त्यालाही वाकला.

परबला दुबईत आजवर कोणी वाकलं नव्हतं. तो जरा जास्तच वाकला. मोरितासान त्याहून खाली गेला. आता परबलाही माघार घ्यायची नव्हती. चौथ्या नमस्काराला तो वाकला तो वर आलाच नाही. बॉक्सरसाठी मी टेबल तयार ठेवलं होतं, त्यावर पहिला पेशंट परब झोपला.

त्याच आठवड्यात खांदा दाबून घेता घेता मोरितासानने मला इथे येण्याचं खरं कारण सांगितलं. वीस वर्षं खेळला, शेवटच्या चार फाइट हरला, आणि घरच्या जिमने सांगितलं, आता थांब. "थांबायचं मलाही आहे, पण जिंकून," तो म्हणाला. इथे त्याला तीन फाइट मिळाल्या होत्या. त्यातली एक जिंकायची आणि आपल्या पायांनी घरी जायचं, एवढंच त्याचं मागणं. मला ते फार आवडलं, आणि तेव्हापासून माझीही झोप उडाली.

*

"एकटा राहतो बिचारा," असं म्हणत सुजातानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्याला अल मजाजला आमच्या घरी जेवायला बोलावलं. पुरणपोळीचा बेत.

आता घोळ असा, की मोरितासानच्या घरच्या वळणात ताटात अन्न टाकणं म्हणजे वाढणाऱ्याचा अपमान. आणि आपल्याकडे ताट रिकामं दिसलं की वाढायचंच. तो संपवतो, ही वाढते. ही वाढते, तो संपवतो. सहाव्या पोळीला त्याच्या कपाळावर घाम आला. मी डोळ्यांनी खुणावतोय, तर सुजाता म्हणते, "अरे, लाजतोय तो."

जेवण झालं, त्यानं हात जोडले, जाड हुडी चढवली आणि भर दुपारी घरासमोरच्या लगूनच्या कडेनं पळत सुटला. बाल्कनीतून आमच्या ऋचानं विचारलं, "बाबा, इज ही ओके?" सुजाता समाधानानं म्हणाली, "बघ, कसं लगेच अंगी लागलं."

*

व्हायचं तेच झालं. पहिल्या फाइटच्या वजनाला तो साठ ग्रॅम जास्त भरला. एका तासाची मुदत होती, आणि अंगात घामाचा थेंब उरला नव्हता. परबनं मशीन आणलं आणि त्याचं डोकं सफाचट केलं. काटा बरोबर बसला.

पण आपला माणूस एकटाच टकला कसा, असं परबला वाटलं. त्यानं स्वतःच्याही डोक्यावर मशीन फिरवलं आणि दुसऱ्या दिवशी गावी आईला व्हिडिओ कॉल लावला. मुलाचं तासलेलं डोकं बघून माउलीनं हंबरडाच फोडला. मग एकदम थांबून मागे बघितलं. मागे वडील चहा पीत बसले होते. त्यांनी फोन घेतला आणि म्हणाले, "मेल्या, मी अजून आसंय!"

*

ती फाइट मोरितासान हरला. हरल्यावर समोरच्याच्या खोलीत जाऊन आभार मानायची त्याची पद्धत. तिथे बघितलं तर जिंकलेल्या पोराचा डोळा टम्म सुजलेला. मोरितासान मला म्हणाला, "आधी त्याला बघ."

म्हणजे आमचा माणूस खुर्चीत ताटकळलेला आणि मी तासभर त्याला हरवणाऱ्याला बर्फ लावतोय. परब दारात उभा राहून विचारत होता, "साहेब, आपण नक्की कोणाकडून?"

दुसरी फाइट बरोबरीत सुटली. परब म्हणाला, "म्हणजे अर्धं तरी जिंकलो ना?" मोरितासाननं मनापासून विचार केला आणि म्हणाला, "अर्धं घेऊन घरी जाता येत नाही." त्या दिवशी परबनंही चहा घेतला नाही.

*

तिसऱ्या फाइटला रुवैसहून परबचे गाववाले बस भरून आले. रिफायनरीच्या साइटवरची माणसं, आवाज कमावलेले. दुसऱ्या राउंडपासून सुरू झाले, "मोरिताभाऊ आगे बढो, हम तुम्हारे साथ है!"

मोरितासान मागे सरकून खेळणारा. उभा जन्म तसाच खेळला. पाचव्या राउंडनंतर स्टुलावर बसून त्यानं मला विचारलं, "ते काय सांगतायत?" मी म्हटलं, "पुढे जा म्हणतायत." त्यानं मान हलवली. सहाव्या राउंडला उठला तो सरळ पुढेच गेला. कोच "बॅक, बॅक" करून घसा फोडतोय आणि हा रुवैसवाल्यांचं ऐकतोय. निकाल लागला, रेफ्रीनं त्याचा हात वर केला, आणि मी चक्क रडलो. सांगायला लाज कसली?

*

मग निरोपाचा दिवस. त्यांच्याकडे बॉक्सर निवृत्त झाला की रिंगमध्ये उभा राहून घंटेचे दहा टोल ऐकतो. खाली पडलेल्यासाठी रेफ्री दहापर्यंत मोजतो, तसेच हे दहा. आठापर्यंत उठून मुठी वर केल्या तर खेळ चालू, दहा झाले की संपलं.

आमच्या जिममध्ये घंटा कुठली, नुसता बझर. सुजातानं आमच्या देवघरातली पितळी घंटा पर्समधून आणली. शनिवारची सकाळ होती. मोरितासान पांढरा शर्ट, टाय घालून रिंगच्या मधोमध उभा राहिला, मान खाली, हात मांड्यांना चिकटलेले. आम्ही सगळे दोरांभोवती उभे.

सुजाता एकेक टोल देत होती, आवाज पूर्ण विरल्यावर पुढचा. पाच झाले. सहा. सात. परबनं डोळे पुसले.

आठवा टोल पडला आणि मोरितासानच्या दोन्ही मुठी वर आल्या, हनुवटीपाशी. तो स्वतःच त्या मुठींकडे बघत राहिला.

सुजातानं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"दोन राहू देत," ती म्हणाली, आणि घंटा पर्समध्ये टाकली.