तीन पायांची म्हैस

"मिस्त्री, माझी गाडी कुठाय?"

आमच्या गल्लीतला गवळी वेल्डिंगच्या दुकानासमोर असा ओरडत होता, की पाऊस नसताना राधानगरी धरणाचे दरवाजे उघडावेत. मिस्त्रींनी डोळ्यांवरची काच वर सरकवली आणि कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथं लोखंडी म्हैस उभी. पोटाला पेट्रोलची टाकी, शिंगांना हँडल, पुढचा उजवा पाय सायलेन्सरचा.

"ही काय की."

दसऱ्याला नवी गाडी आणल्यावर जुनी गवळ्यानंच इथं आणून टाकली होती. मिस्त्री म्हणाले होते, "ठेवा, बघतो." आमच्या उद्यमनगरात हे दोन शब्द धोक्याचे. बंद वॉशिंग मशीन ठेवलं की त्याची शेगडी व्हायची. मी एकदा दाराला छत्री टेकवून चहाला गेलो, परतेपर्यंत तिचा बगळा झालेला. खोटं वाटत असेल तर घरी या. बगळा कोरडा आहे, मी भिजतोय.

दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडं म्हशी सजवून गाडीमागं पळवतात, हे तुम्हाला सांगायला नको. म्हैस पळते ती मालकाच्या सायलेन्सरच्या आवाजावर. पाडवा उद्यावर आलेला, आणि गवळ्याची म्हैस नव्या गाडीमागं पाऊल उचलेना.

"नवी गाडी लय हळू बोलती," गवळी म्हणाला. त्याचाही आवाज आता खाली आला होता. "मी गोठ्यात हुबा ऱ्हातो, आन् ती दाराकडं बघतीया. माझी वाट बघत."

मिस्त्रींना दसऱ्यापासून त्या लोखंडी म्हशीपुढं जेवणाचं भान नव्हतं. एका हॉटेलवाल्यानं ती दारात उभी करायला मागितलीही होती. मिस्त्रींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, कटर उचलला आणि सायलेन्सरचा पाय कापला. खाली विटा रचल्या.

"गाडी आत घ्या. बसवून देतो."

दुसऱ्या दिवशी गवळ्याची म्हैस अशी सुटली, की वळायला तिला गावाबाहेर पार गडमुडशिंगीपर्यंत जावं लागलं. हॉटेलवाला मात्र विटा बघून परत गेला.

"मिस्त्री, दुसरा पाय लावा की," मी दर वर्षी म्हणायचो.

"ठेवा, बघतो."

लावला नाही. गेल्या पावसाळ्यात मिस्त्री गेले. दुकानात आता त्यांच्या पत्नी, आमच्या काकी, बसतात. यंदा पाडव्याला मुरगूडचे एक पावणे आले, म्हशीभोवती फिरले. बाहेर रस्त्यावरून फाड् फाड् करत एक गाडी गेली, मागून घुंगरं.

"काकी, हिचा एक पाय कुठाय?"

काकी लसूण सोलत होत्या.

"पळायला गेलाय."