सोनबाजीचं वजन

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी माझा पगारसुद्धा खरा सांगितला होता.

अमरावतीच्या शेतकी प्रदर्शनात बैलांची ओढ मोजायची होती. बैलजोडी आणि दगडांनी भरलेली घसरगाडी यांच्यामध्ये आमच्या शेतकी खात्यातल्या साहेबाचा स्प्रिंगचा काटा लावायचा. सुई जिथवर जाईल तेवढी जोडीची ताकद. आधी ठाऊक असलेलं वजन काट्याला टांगून सुई जुळवणं, हे माझं काम. आणि लोखंडी वजनं — ती मी अकोल्यालाच विसरून आलो होतो.

साहेबाला सांगायचं? एवढी छाती होती कुठं?

मी भाजीवाल्या सोनबाजी माळ्याला गाठलं. "पुरा अडीच मण हावो मी, कापसाच्या जिनातल्या काट्यावर तोललो हाये," असं तो गावभर सांगायचा. त्यालाच बाभळीखाली काट्याला लटकवलं. तो हसला की सुई नाचायची — एकदा इथं, एकदा तिथं. शेवटी तो श्वास रोखून लोंबकळला, तेव्हा मी सुई अडीच मणावर आणली आणि स्क्रू आवळला.

पहिल्या दिवशी परतवाड्याच्या जोडीनं असा आकडा काढला की साहेब थक्क. संध्याकाळी सोनबाजी सहज बोलला, "जिनात तोललो तवा डोक्शावर वांग्याचं टोपलं व्हतं बरं."

म्हणजे त्या अडीच मणात वांगीही होती, आणि काटा दिवसभर सगळ्यांची ओढ जास्तच दाखवत होता. मी माणूस धाडून अकोल्याहून वजनं मागवली होती, ती दुसऱ्या सकाळी आली. गुपचूप सुई खरी केली. आणि कालचे आकडे? ते तसेच राहू दिले.

वजनं विसरणं ही चूक. सोनबाजीला टांगणं हा मूर्खपणा. पण मला सांगायचंय ते — ते पुढचं आहे.

सुई खरी केली त्याच दिवशी भातकुलीच्या गणपतरावांची जोडी उतरली. बैलांनी गुडघे टेकून ओढलं. सुई परतवाड्याच्या आकड्याच्या अलीकडेच थांबली. गणपतराव डाव्या बैलाच्या कानाशी म्हणाले, "काहून रे राजा, दुखून राहिलं का कुठं?" मग माझ्याकडे आले. "बाबू, काटा बरोबर हाये ना?"

"सायबाचा काटा हाये," मी म्हणालो. "तो कसा चुकंल?"

पदक परतवाड्याला गेलं. टाळ्या मीही वाजवल्या — जरा जास्तच. गणपतरावांनी ती जोडी पुन्हा कधी चारचौघांत उतरवली नाही.

पदक दिल्याच्या दुसऱ्या दिवशी गणपतराव उपरण्यात संत्री बांधून माझ्या बिऱ्हाडी आले. "तुमच्यावर शक घेतला मी. मनात ठेवू नका."

मी एक संत्रं सोललं, त्यांच्यासमोरच खाल्लं, आणि गोड आहे म्हणालो.